पंख्याच्या घरघरीत आपलं नाव कुठून येतं?

प्रश्न असा आहे: रात्री अंथरुणावर पडलं की पंख्याच्या घरघरीतून कुणीतरी नावाने हाक मारल्यासारखं ऐकू येतं. उठून पाहावं तर कुणी नाही. लागोपाठ दोन-तीन जागरणं झाली की हे वाढतं. मेंदूत नेमकं काय घडतं, आणि ही वेड लागण्याची सुरुवात तर नव्हे?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण ती धास्ती डोक्यात असेपर्यंत पहिल्या भागात मन लागायचं नाही. हाक ऐकू आली, खरी की काय अशी शंका आली, उठून पाहिलं आणि कुणी नाही हे पटलं, एवढ्यावरून सायकोसिस (भास आणि भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) आहे असं कोणताही जाणता डॉक्टर म्हणणार नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत १८ देशांतल्या ३१,२६१ प्रौढांना असे, सायकोसिससारखे अनुभव विचारले होते. अर्धवट झोपेतले आणि नशेतले अनुभव वगळूनही ५.८ टक्के लोकांनी आयुष्यात कधीतरी असं घडल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या जवळपास एक-तृतीयांश लोकांना ते एकदाच घडलं होतं. झोपेच्या उंबरठ्यावरचे अनुभव धरले तर आकडा कितीतरी वर जातो. ब्रिटनमधल्या १९९६च्या एका पाहणीत ३७ टक्के लोकांनी डोळा लागता लागता काहीतरी चित्रविचित्र जाणवत असल्याचं सांगितलं होतं. पंख्याखालची हाक बहुतेक वेळा याच घरातली.

आता मेंदूकडे वळू. आपल्या मनातलं चित्र साधारण असं असतं की कान आवाज टिपतो, मेंदूकडे पाठवतो आणि मेंदू तो ‘ऐकतो’. काम खरं उलट्या बाजूने सुरू होतं. पुढच्या क्षणी काय कानावर पडेल याचा अंदाज मेंदू आधीच बांधून ठेवतो, आणि कानाकडून आलेल्या माहितीने तो ताडून पाहतो. अंदाज आणि माहिती यांत फरक पडला, तर तेवढाच फरक ‘इथे चुकलं’ म्हणून वर पाठवला जातो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६०च्या दशकातच पाहण्याच्या क्रियेला नकळत काढलेलं अनुमान म्हटलं होतं. रोजचा पुरावा हवा असेल तर स्वतः लिहिलेल्या मजकुराचं मुद्रितशोधन करून बघा. काय लिहिलंय हे मेंदूला ठाऊक असतं, म्हणून गळलेला काना कागदावर नसूनही ‘दिसतो’. दुसऱ्या माणसाला तीच चूक पहिल्या नजरेत सापडते.

कळीचा मुद्दा भरवशाचा आहे. अंदाजाला किती वजन द्यायचं आणि इंद्रियांना किती, हे मेंदू क्षणोक्षणी ठरवत असतो. भर उजेडात समोर उभ्या माणसाचा चेहरा ओळखताना डोळ्यांचा शब्द अखेरचा. अंधुक उजेडात खुंटीला टांगलेला कोट बघताना डोळ्यांची माहिती फाटकी असते, म्हणून अंदाज बाजी मारतो आणि कोटाचा माणूस होतो. सायकोसिससारख्या अनुभवांचं मूळ या वजनकाट्यात आहे. भास पाडणारी वेगळी यंत्रणा डोक्यात बसवलेली नाही. जिच्यामुळे गोंगाटातही मित्राचं बोलणं समजतं, तीच ही यंत्रणा.

पंखा या कामाला आदर्श आहे, आणि त्याची कारणं अगदी यांत्रिक आहेत. वाऱ्याच्या घरघरीत एकाच वेळी पुष्कळ वारंवारता मिसळलेल्या असतात, माणसाच्या बोलण्यातल्यासुद्धा. मिनिटाला ३०० फेऱ्या घेणारा पंखा सेकंदाला ५ फेऱ्या पुऱ्या करतो. पातं किंवा बेअरिंग दर फेरीला एकदा खुटखुटत असेल तर सेकंदाला ५ ठोके पडतात, आणि सर्वसाधारण बोलण्यात सेकंदाला साधारण ४ ते ५ अक्षरं येतात. म्हणजे बोलण्याचा कच्चा माल आणि बोलण्याची लय दोन्ही तयार, शब्द तेवढा भरायचा बाकी. तो मेंदू भरतो.

मग नेमकं आपलंच नाव का? जन्मापासून पुन्हा पुन्हा ऐकलेला आणि ऐकताच ‘ओ’ देण्याची सवय जडलेला तो शब्द आहे. १९५९च्या एका प्रयोगात लोकांना दोन कानांत दोन वेगळी भाषणं ऐकवली आणि एकाकडेच लक्ष द्यायला सांगितलं. दुर्लक्ष केलेल्या कानात त्यांचं नाव आलं तेव्हा सुमारे एक-तृतीयांश लोकांना ते जाणवलं. बाकीचा मजकूर मात्र सांडून गेला होता. शिवाय इथे तोट्याचा हिशेबही आहे. नसलेली हाक ऐकली तर फार तर एकदा उठावं लागतं, असलेली हाक चुकली तर महागात पडू शकतं. त्यामुळे मेंदू मुद्दामच खोट्या हाकेकडे झुकलेला असतो. खिशातला फोन थरथरला असं वाटून हात खिशात जातो आणि फोन टेबलावर असतो, तोही हाच हिशेब. माणूस गेल्यावर घरात त्याची चाहूल लागते तीही यातलीच. वेल्समध्ये २९३ विधवा-विधुरांना विचारलं तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व जाणवल्याचं, काहींनी आवाज ऐकल्याचं किंवा त्याला पाहिल्याचं सांगितलं (हा अभ्यास १९७१चा). अनेक वर्षांच्या सहवासाने घट्ट बसलेला अंदाज एका दिवसात पुसला जात नाही.

अपेक्षेतून भास तयार करता येतो का, हे प्रयोगशाळेत तपासून झालं आहे. २०१७ साली येल विद्यापीठातल्या गटाने केलेला प्रयोग नीट समजून घेण्यासारखा आहे. खरखरीच्या आवाजात एक बारीक सूर वाजतो आणि त्याच वेळी पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचं चित्र येतं. सूर ऐकू आला की बटण दाबायचं, आणि किती खात्री आहे त्यानुसार ते कमी-जास्त वेळ दाबून ठेवायचं. सूर आणि चित्र यांची सांगड बसली की सूर हळूहळू क्षीण करत नेतात आणि पुष्कळदा वाजवतच नाहीत, फक्त चित्र दाखवतात. तरीही लोक बटण दाबतात. कमी-अधिक प्रमाणात सगळेच दाबतात, हे आधी लक्षात घ्या.

यात चार गट होते: आजार असून आवाज ऐकू येणारे, आजार असून आवाज न ऐकू येणारे, कोणताही आजार नसताना रोज आवाज ऐकणारे (स्वतःला अतींद्रिय शक्ती आहे असं मानणारे), आणि या दोन्हींतलं काहीच नसलेले. न वाजलेला सूर जास्त वेळा आणि जास्त खात्रीने ऐकला तो आवाज ऐकणाऱ्या दोन्ही गटांनी, मग आजार असो वा नसो. आजारी गटांचं वेगळेपण दुसरीकडे दिसलं. चित्र आणि सूर यांची जोडी आता तुटली आहे, हे ध्यानात घेऊन आपला अंदाज बदलणं त्यांना जड गेलं. ऐकू येणं ही एक गोष्ट आणि ऐकलेलं दुरुस्त न करता येणं ही दुसरी. मराठीत ‘भास’ आणि ‘भ्रम’ हे शब्द आपण सैलपणे वापरतो, पण इथे मी भास म्हणजे इंद्रियांचा अनुभव आणि भ्रम म्हणजे पुराव्याने न हलणारी समजूत, असाच अर्थ धरतो आहे. तुमच्याकडे सध्या भास आहे, भ्रम नाही.

अपेक्षेचं पारडं जड असणं हा निव्वळ दोषही नाही. एखादा फोटो फक्त काळ्या आणि पांढऱ्या डागांत रूपांतरित केला तर आधी काहीच कळत नाही. मूळ फोटो एकदा दाखवला की त्याच डागांतून घोडा किंवा चेहरा उभा राहतो, आणि मग तो दिसेनासा करता येत नाही. २०१५च्या एका अभ्यासात सायकोसिसची प्राथमिक लक्षणं असलेल्यांना मूळ फोटोचा फायदा इतरांपेक्षा जास्त झाला. तुटपुंज्या माहितीतून अर्थ काढण्यात ते सरस ठरले. गुण तोच, पुरावा मुळातच नसेल तिथे तो अंगावर येतो.

इथवर गोष्ट सरळ वाटते. अपेक्षा प्रबळ, म्हणून भास. पुष्कळ लेखांत एवढंच सांगून थांबतात, आणि ते अर्धवट आहे, कारण उलट दिशेचे पुरावेही तितकेच ठोस आहेत. मुखवट्याची आतली, खोलगट बाजू पाहिली तरी बहुतेकांना चेहरा बाहेर आलेलाच दिसतो. चेहरा खोलगट असू शकत नाही ही अपेक्षा डोळ्यांवर मात करते. स्किझोफ्रेनिया (ज्यात सायकोसिस हे मुख्य लक्षण असतं तो मनोविकार) असलेले लोक या दृष्टिभ्रमाला कमी फसतात. दुसरं उदाहरण बोटावरच्या दाबाचं. यंत्राने बोटावर जेवढा दाब दिला तेवढाच स्वतःच्या दुसऱ्या हाताने द्यायला सांगितला तर निरोगी माणूस हमखास जास्त दाबतो, कारण स्वतःच्या हालचालीचा परिणाम मेंदूने आधीच वजा केलेला असतो. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्या याच वजाबाकीमुळे. स्किझोफ्रेनियात ही वजाबाकी ढिली पडते आणि तो दाब जास्त अचूक जुळतो. बोलताना स्वतःच्या आवाजाला मेंदू साधारण १०० मिलिसेकंदांनी देतो तो विद्युत प्रतिसाद निरोगी माणसात दबलेला असतो. स्किझोफ्रेनियात तो तितका दबत नाही. मनातल्या मनात बोललेलं वाक्य ‘माझं’ अशी खूण न लागता आलं, तर ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटणारच.

म्हणजे अपेक्षा एके ठिकाणी फार बळकट आणि दुसऱ्या ठिकाणी फार दुबळी. यावर संशोधकांत अजून वाद आहे. मला जास्त पटणारी जुळणी अशी: खालच्या पातळीवरचे, क्षणाक्षणाचे अंदाज दुबळे होतात, त्यामुळे ‘इथे चुकलं’ असे इशारे सारखे वर जात राहतात. मामुली गोष्टीही अनपेक्षित, म्हणून अर्थपूर्ण वाटू लागतात. हा गोंधळ सहन होत नाही, तेव्हा वरची पातळी एखादी मोठी, सगळं एका फटक्यात समजावणारी कल्पना पकडते आणि मग ती सोडत नाही. आजाराचा क्रमही असाच असतो. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्लाउस कॉनराड यांनी १९५८ साली या पहिल्या टप्प्याला रंगमंचावर जाण्याआधीच्या धाकधुकीचं नाव दिलं होतं: काहीतरी होणार आहे, काय ते कळत नाही. नंतर एक दिवस ‘उलगडा’ होतो आणि विचित्र म्हणजे माणसाला हायसं वाटतं. त्या हायशाच्या क्षणी भ्रम बसलेला असतो. घरच्यांना वाटतं, आता बरा दिसतोय.

या इशाऱ्यांमध्ये डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा हात आहे. माकडांवरच्या प्रयोगांतून १९९०च्या दशकात स्पष्ट झालं की डोपामिनच्या पेशी बक्षिसापेक्षा अंदाज चुकल्याला जास्त दाद देतात. सायकोसिसमध्ये त्या अवेळी पेटतात, म्हणून समोरच्या गाडीचा नंबर, वाटेतल्या अनोळखी माणसाचं खाकरणं, सगळं आपल्यालाच उद्देशून वाटतं. औषधं ही धग कमी करतात. मेंदूतल्या संबंधित डोपामिन ग्राहकांपैकी (पेशींवरच्या ज्या जागांना डोपामिन चिकटतं त्यांपैकी) साधारण ६५ टक्के रोखले गेले की गुण येऊ लागतो, आणि ७८-८० टक्क्यांपुढे हातपाय ताठरणं, थरथरणं सुरू होतं. डोस मनाने वाढवायचा नाही तो यासाठी. औषधाने नवे इशारे थांबतात, पण आधीच बसलेली समजूत पुसली जात नाही. ती आठवड्यांच्या, कधी महिन्यांच्या हिशेबाने सैल होते. ‘औषध सुरू होऊन चार दिवस झाले, तरी तेच बोलतो’ ही तक्रार म्हणूनच अवेळी असते.

निष्कर्षाची घाई हाही एक धागा आहे. दोन बरण्या घ्या. एकीत ८५ लाल आणि १५ निळे मणी, दुसरीत उलट. कोणती बरणी ते न सांगता एकेक मणी काढून दाखवायचा (काढलेला परत टाकून) आणि खात्री झाली की बरणी ओळखायची. एक लाल मणी आला तर पहिल्या बरणीची शक्यता ८५ टक्के, लागोपाठ दुसराही लाल आला तर ९७. पक्के भ्रम असलेले लोक पुष्कळदा एक-दोन मण्यांतच निकाल देतात, इतर जण आणखी मणी मागतात. गणिताने पाहिलं तर दोन मण्यांवर निर्णय काही मूर्खपणाचा नाही. अडचण येते ती बरणीच्या जागी शेजारी असतो तेव्हा.

आता तुम्ही काय करायचं.

झोप पहिली. जागरणाने २४ ते ४८ तासांत रंग-आकार-आवाज बिघडल्यासारखे वाटू लागतात, पुढे ४८ ते ९० तासांत पुरते भास आणि विस्कळीत विचार येतात, ७२ तासांनंतर भ्रमही दिसू लागतात. हे निरोगी माणसांबद्दल चाललंय. तुम्ही सलग दोन-तीन रात्री अपुरं झोपून त्याच वाटेवर पाऊल टाकता, म्हणून हाका वाढतात. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, आदल्या रात्री कितीही उशीर झाला तरी.

दोन आठवडे नोंद ठेवा. प्रत्येक वेळी सहा गोष्टी: वेळ, आदल्या रात्रीची झोप किती तास, त्या क्षणी चालू असलेला आवाज, उजेड, नेमकं काय ऐकलं (शब्द, की नुसता बोलण्याचा भास), आणि खात्री ० ते १० मध्ये दोनदा – ऐकल्याक्षणी आणि पाहून आल्यावर. हा शेवटचा रकाना सोन्यासारखा. ८ वरून १ वर येत असेल तर दुरुस्तीची यंत्रणा शाबूत आहे. ८ चे ७ च होत असतील, किंवा पाहून आल्यावर ‘मी येताना पाहून पळाला असेल’ अशी पुरवणी जोडली जात असेल, तर नोंदवही घेऊन मनोविकारतज्ज्ञाकडे जा.

मग एका वेळी एकच गोष्ट बदला. पंख्याची गती एका घराने वर किंवा खाली करा. फेऱ्यांची लय बदलली आणि हाक गेली, तर चोर सापडला. पात्यांचे स्क्रू आवळून खुटखुट घालवा. उशी खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्या. झोप यावी म्हणून खरखर किंवा पावसाचा आवाज लावण्याची सवय असेल तर ती थांबवा; तुमच्या बाबतीत ते आगीत तेल आहे. मात्र अगदी चिडीचूप शांतताही नको, कारण बाहेरून काही मिळेनासं झालं की मेंदू आतली पट्टी वाढवतो. स्पष्ट, समजेल असं बोलणं किंवा ओळखीचं संगीत, शब्द कळतील एवढ्याच आवाजात, हा मधला मार्ग बरा. हाक येतेय असं वाटलं की ओठ हलवत आकडे मोजा किंवा गुणगुणा. मनातलं बोलणं आणि तोंडाचं बोलणं यांना काही यंत्रणा सामाईक आहे, ती तेवढा वेळ गुंतून राहते.

उठून पाहायचं तर एकदाच, दिवा लावून. पुन्हा पुन्हा पाहिलं की ‘इथे काहीतरी आहे’ हा अंदाजच पक्का होत जातो.

कान तपासून घ्या. मळ साचल्याने किंवा ऐकू कमी आल्याने माहिती फाटकी होते आणि उरलेलं मेंदू भरतो. डोळ्यांचंही तेच: दृष्टी गेलेल्या आपल्या आजोबांना माणसं, पक्षी, इमारती दिसतात हे स्विस निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी १७६० सालीच लिहून ठेवलंय, आणि आजोबांना ते खरं नाही हे ठाऊक होतं. गांजा बंद. उत्तेजक गोळ्या, स्टेरॉइड किंवा नवीन सुरू केलेलं कोणतंही औषध असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला, परस्पर थांबवू नका.

हाक पुढीलपैकी कोणतंही रूप घेऊ लागली तर आठवड्याभरात तज्ज्ञांना दाखवा: आवाज वाक्यं बोलू लागला, दोन आवाज तुमच्याविषयी आपसांत बोलू लागले, भर दिवसा आणि शांततेतही ऐकू येऊ लागलं, लोकांवर संशय येऊ लागला, किंवा कामावरून आणि माणसांतून मन उडालं. आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तर आपत्कालीन विभागात. घरातल्या वृद्ध माणसाला एक-दोन दिवसांत अचानक भास सुरू झाले, आणि ती व्यक्ती घटकेत शुद्धीवर, घटकेत भलतंच बोलतेय अशी असेल, तर तो बहुधा संसर्ग, क्षारांचा बिघाड किंवा औषधाचा परिणाम असतो. तिला आधी फिजिशियनकडे न्यायचं, तेही तातडीने.

हे उत्तर घरातलं कुणी वाचत असेल तर: ‘काही नाहीये, तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं म्हणून वाद घालू नका, आणि ‘हो, मलाही ऐकू आलं’ असंही म्हणू नका. वादाने धोका जाणवतो, आणि धोक्यात मेंदू अंदाजाचं वजन आणखी वाढवतो. ‘मला ऐकू येत नाहीये, पण तुला येतंय आणि भीती वाटतेय हे मला कळतंय. दिवा लावून बसू या थोडा वेळ,’ एवढं पुरतं. मग पंखा बंद करा, पाच मिनिटं थांबा, आणि आता कसं वाटतंय ते विचारा. जे उत्तर येईल ते नोंदवहीत लिहा.